वस्तू कोठे राहणार? : थ्रीडी छपाईसाठी प्लास्टिकची निवड

यंदाच्या स्मरणिकेसाठी विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल असे काही लिहावे, असे कार्यकारिणीने सुचविले. आम्ही कलाशाखेचे पदवीधर आणि बँकेत कारकून. प्लास्टिक हा आमचा प्रांत नव्हे. तरीही प्रस्तुत विषय आम्ही मुद्दाम निवडला आहे. आम्ही दिलेल्या एका अर्धवट सल्ल्यामुळे सोनिवलीतील एका होतकरू मुलाचे नुकसान झाले. त्या नुकसानीतून आम्हाला जे शिकावे लागले, ते इतर मुलांना फुकट मिळावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

घडले ते थोडक्यात असे. आमच्या शेजारचा आयटीआय झालेला एक मुलगा. त्याने आईच्या भिशीचे पैसे आणि मुद्रा योजनेतील शिशु गटाचे कर्ज मिळून एक थ्रीडी प्रिंटर घेतला. कर्जाचा अर्ज भरून द्यायला आम्हीच बसलो होतो. पहिले मोठे काम आमच्याच इमारतीचे मिळाले. गच्चीवरील टाकीपासून खाली उतरणारे पाण्याचे नळ कठड्याला धरून ठेवण्यासाठी चाळीस क्लॅम्प हवे होते आणि अभ्यासिकेच्या दारावर लावायला अक्षरांची पाटी हवी होती. "काका, तार कोणती घेऊ?" असे त्याने विचारले. आम्ही दुकानाचा दरपत्रक पाहिला, सर्वांत स्वस्त रीळ कोणते ते पाहिले आणि त्यावर बोट ठेवले. ते पीएलएचे होते.

हे फेब्रुवारीत झाले. क्लॅम्प देखणे होते, पाटीही सुबक होती. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पाटीवरची अक्षरे वाळलेल्या पोळीसारखी कडेने उचलली गेली. त्यानंतर एका दुपारी क्लॅम्पची तोंडे उघडली, नळ लोंबकळला, सांधा सुटला आणि भरलेली टाकी गच्चीवर रिकामी झाली. ऐन उन्हाळ्यात चार मजले दोन दिवस पाण्यावाचून राहिले. मुलाने सर्वांचे पैसे परत केले. त्यामुळे कर्जाचे दोन हप्ते थकले. पुढचे ठरलेले काम एका दुकानदाराने काढून घेतले. "याची वस्तू टिकत नाही" हे वाक्य वस्तीत फिरायला वेळ लागला नाही. त्याच्या आईने आम्हाला एका शब्दाने दोष दिला नाही, हेच अधिक लागले.

बँकेत कोणतेही कर्ज देताना आम्ही विचारतो की पैसा कोठे लागणार आहे, आणि मगच रकमेकडे वळतो. प्लास्टिकच्या बाबतीत मात्र आम्ही किंमत आधी पाहिली आणि वस्तू कोठे राहणार आहे हे विचारलेच नाही. संपूर्ण चूक एवढीच होती.

१. यंत्र काय करते?

दिवाळीत चकलीचा सोऱ्या सर्वांनी पाहिलेला आहे. पीठ घट्ट असते, दाब दिला की चकतीच्या छिद्रातून तार येते आणि हात फिरेल तसा आकार होतो. थ्रीडी प्रिंटरही असाच एक सोऱ्या होय. पिठाच्या जागी प्लास्टिकची तार, हाताच्या जागी मोटार, आणि छिद्र बहुधा ०.४ मिलिमीटरचे. तार तापलेल्या नोझलमधून वितळून बाहेर येते, तापलेल्या पाटावर पसरते आणि थरावर थर बसून वस्तू उभी राहते. ही तार बहुधा १.७५ मिलिमीटर जाडीची असते व एक किलोच्या रिळावर गुंडाळून विकली जाते.

छिद्रातून धागा काढण्याची कल्पना आपल्या भागाला नवी नाही. शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये लाकडाच्या लगद्याचे द्रावण बारीक छिद्रांतून काढून रेयॉनचा धागा करतात. रिलायन्सने रसायनीजवळ पाताळगंगा येथे १९८२ मध्ये पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू केला. त्यात पॉलिएस्टर वितळवून छिद्रांतून ओढले जाते. प्रिंटरची तार ही या धाग्यांचीच जाडसर भावंडे समजावीत.

या पद्धतीचा शोध अमेरिकेतील स्कॉट क्रम्प यांनी लावला. मुलीसाठी खेळण्यातला बेडूक करताना त्यांनी गरम गोंदाच्या पिस्तुलातून थर रचून पाहिले, असे सांगतात. १९८९ साली त्यांनी पेटंटचा अर्ज केला व १९९२ साली ते मंजूर झाले. २००९ साली पेटंटची मुदत संपल्यावर यंत्रे झपाट्याने स्वस्त झाली. त्याआधी २००५ पासून इंग्लंडमधील बाथ विद्यापीठातील एड्रियन बोयर यांनी स्वतःचेच बरेचसे भाग छापू शकणाऱ्या यंत्राचा आराखडा सर्वांना खुला करण्याचे काम हाती घेतले होते. आपल्याकडे निती आयोगाने २०१६ पासून शाळांना अटल टिंकरिंग लॅब दिल्या. तेथे सहावीपासूनच्या मुलांना हे यंत्र हाताळायला मिळते. यंत्र मुलांच्या हाती आले ही आनंदाची गोष्ट आहे. पण यंत्र चालविता येणे आणि योग्य माल निवडता येणे या दोन वेगळ्या विद्या आहेत.

२. वस्तूचे चार शत्रू

छापील वस्तूला घरात व बाहेर मिळून चार शत्रू असतात : उष्णता, ऊन, ओल आणि सततचे ओझे.

उष्णता : प्लास्टिक वितळते ते फार वरच्या तापमानाला. परंतु त्याच्या कितीतरी आधी ते मऊ पडते. गुळाची ढेप पाहा. थंडीत ती फोडायला बत्ता लागतो, वैशाखात त्याच ढेपेत बोट रुतते. गूळ वितळलेला नसतो, फक्त मऊ झालेला असतो. प्रत्येक प्लास्टिकचे असे मऊ पडण्याचे तापमान ठरलेले असते. पीएलएचे ते ५५ ते ६० अंश सेल्सिअस, पीईटीजीचे सुमारे ८०, एएसएचे सुमारे १०० आणि एबीएसचे सुमारे १०५ अंश. बदलापुरात उन्हाळ्यात हवाच चाळिशीच्या पुढे जाते. उन्हात तापलेला पत्रा किंवा काळा पृष्ठभाग तर साठ अंश सहज ओलांडतो. आमचे क्लॅम्प का उघडले याचे उत्तर या आकड्यांत आहे. ते आकडे आम्हाला फेब्रुवारीतही वाचता आले असते.

ऊन : ऊन म्हणजे केवळ उष्णता नव्हे. उन्हातील अतिनील किरण प्लास्टिकच्या लांब साखळ्या तोडतात. गच्चीवर दोन-तीन वर्षे पडलेली प्लास्टिकची खुर्ची आठवा. रंग उडतो, हात फिरवला की पांढरी भुकटी लागते आणि एक दिवस पाहुणा बसतो तो खुर्चीसह खाली. शेतातला पाण्याचा पॉलिथिलीनचा नळ मात्र उन्हात वर्षानुवर्षे टिकतो, कारण त्यात सुमारे अडीच टक्के काजळी मिसळलेली असते. ती काजळी किरण स्वतः शोषून घेते. नळाचा काळा रंग शोभेसाठी नसतो.

ओल : आपल्याकडे चार महिने पाऊस. त्या काळात उघडे राहिलेले रीळ हवेतील ओल पिते. छापताना ते पाणी नोझलमध्ये वाफ होऊन फुटते, चरचर आवाज येतो, पृष्ठभाग खडबडीत होतो व थर नीट चिकटत नाहीत. सादळलेला पापड जसा तळला तरी फुलत नाही, तसाच हा प्रकार. म्हणून पावसाळ्यात रीळ घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे. तयार वस्तूवरही ओलीचा परिणाम होतो. पीएलए उष्ण व दमट जागी दीर्घकाळ राहिले की हळूहळू ठिसूळ होते.

सततचे ओझे : वस्तू एकदा ओढून तुटली नाही म्हणजे ती कायम टिकेल असे नाही. कपड्यांची दोरी महिन्याभरात सैल होते, त्याप्रमाणे सतत ताणात असलेले प्लास्टिक हळूहळू सरकते. पीएलए कडक असले तरी याबाबतीत दुबळे आहे. सावलीतही पीएलएच्या क्लॅम्पची पकड काही महिन्यांत ढिली पडू शकते.

३. एकेका प्लास्टिकची ओळख

पीएलए : मका, ऊस अशा पिकांतील साखरेपासून लॅक्टिक आम्ल व त्यापासून हे प्लास्टिक बनते. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने २०२४ च्या ऑक्टोबरात जेजुरी येथे अशा प्लास्टिकचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. खंडोबाच्या जेजुरीजवळ उसाच्या साखरेचे प्लास्टिक व्हावे, ही आपल्या राज्याला अभिमानाची बाब आहे. छापायला हे सर्वांत सोपे आहे. १९० ते २२० अंशांवर काम होते, कोपरे फारसे उचलत नाहीत, बारीक नक्षी स्वच्छ येते, वासही सौम्य असतो. शाळेचे नमुने, भूगोलाचे उठावाचे नकाशे, रेखांकनाची साधने, भिंतीवरच्या सावलीतल्या पाट्या यांसाठी उत्तम.

मात्र दोन गैरसमज टाळावेत. पहिला असा की हे पिकापासून बनले म्हणून मातीत टाकले की कुजते. तसे नाही. ते कुजायला कारखान्यातील खतप्रकल्पासारखी सुमारे ६० अंशांची सततची उष्णता व ओल लागते. गटारात किंवा उल्हास नदीत टाकलेला पीएलएचा तुकडा इतर प्लास्टिकप्रमाणेच तेथे पडून राहील. दुसरा गैरसमज खोक्यावरील ‘प्लस’ या शब्दाचा. त्याने बहुधा चिवटपणा वाढतो, उष्णता सोसण्याची ताकद फारशी वाढत नाही.

पीईटीजी : पाण्याच्या बाटलीचे पीईटी थोडे बदलून हे बनते. छापण्याचे तापमान २३० ते २५० अंश. पीएलएपेक्षा चिवट, तुटण्याआधी वाकते. ऊन-पावसात पीएलएपेक्षा पुष्कळ बरे. छापताना कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे येतात, ते हाताने साफ करावे लागतात. पाणी लागणाऱ्या व माफक ऊन लागणाऱ्या बहुतेक घरगुती वस्तूंसाठी हे मधल्या मार्गाचे प्लास्टिक होय.

एबीएस : लहान मुलांचे लेगोचे ठोकळे १९६३ पासून याचेच बनतात. उष्णता चांगली सोसते, आघात सोसते. परंतु यात जो रबराचा अंश असतो त्यावर अतिनील किरणांचा थेट हल्ला होतो. उन्हात ते पिवळे पडते व पुढे ठिसूळ होते. म्हणजे उष्णता सोसते ते ऊन सोसतेच असे नाही. हा भेद विद्यार्थ्यांनी पक्का लक्षात ठेवावा. छापताना वारा लागला तर कोपरे उचलतात व थर फाटतात.

एएसए : एबीएसमधला तो दुबळा रबर काढून त्याजागी ऊन सोसणारा अॅक्रिलेट रबर घातला की एएसए होते. मोटारींच्या बाहेरच्या भागांसाठी ते वापरतात. उन्हातल्या कामासाठी घरच्या यंत्रावर छापता येणाऱ्या तारांपैकी हे सर्वांत भरवशाचे. छापणे मात्र एबीएसइतकेच अवघड.

नायलॉन, पॉलिकार्बोनेट, टीपीयू : नायलॉन घासणाऱ्या भागांसाठी, दात्यांच्या चाकांसाठी चांगले, पण ओल फार पिते. पॉलिकार्बोनेट अतिशय मजबूत, पण त्याला फार तापणारे यंत्र लागते. टीपीयू रबरासारखे लवचिक. टेबलाच्या पायाची टोपी किंवा धक्का सोसणारे आवरण यासाठी योग्य. नवशिक्याने या तिघांकडे वळण्याची घाई करू नये.

४. गच्चीवरची वही

पाणी गेल्याच्या प्रसंगानंतर त्या मुलाने यंत्र विकायला काढले होते. आम्ही त्याला एक वर्ष थांबण्याची विनंती केली. त्याच्याकडून पीएलए, पीईटीजी, एबीएस व एएसए यांची एकेक सारखी पट्टी छापून घेतली. चारही पट्ट्या गच्चीच्या दक्षिणेकडील कठड्याला एका टोकाने आवळल्या आणि दुसऱ्या टोकाला सारख्या वजनाचे दगड बांधले. रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर पट्टी किती वाकली ते मोजून वहीत लिहायचे. कारकुनाला याहून वेगळे काय येते? इमारतीतील मुले आमच्या ‘दगडांच्या वाळवणा’ला हसत. पुढे तीच मुले आकडे वाचून दाखवू लागली.

एका गच्चीवरील एकेक पट्टी म्हणजे प्रयोगशाळेचा निकाल नव्हे, हे आम्ही जाणतो. पण जे दिसले ते पुस्तकातील आकड्यांशी जुळणारे होते. पीएलएची पट्टी पहिल्याच कडक उन्हाच्या आठवड्यात मान टाकून खाली आली. पीईटीजी किंचित झुकली आणि तेथेच थांबली. एबीएस सरळ राहिली, परंतु पावसाळा व दुसरा उन्हाळा जाईतो पिवळी पडली व उतरवताना टोकाशी तडकली. एएसएची पट्टी अजून कठड्यावर आहे.

याच काळात आणखी एक गोष्ट उमगली. ‘घरात’ हा शब्दही फसवा आहे. आमच्या स्वयंपाकघरात गॅसच्या शेगडीजवळ लावलेली पीएलएची खुंटी वाकली. एका परिचिताने बंद मोटारीत ठेवलेला मोबाईलचा पीएलए स्टँड दुपारभरात पसरला. पश्चिमेच्या खिडकीच्या काचेमागेही ऊन तापते. उलट जिन्याखालच्या सावलीत लावलेली पीएलएची पाटी बाहेर असूनही चांगली आहे. तेव्हा भिंतीच्या आत की बाहेर एवढेच विचारून भागत नाही. त्या नेमक्या जागी किती तापते, किती ऊन येते, किती भिजते आणि किती ओझे पडते ते पाहावे लागते.

५. स्वस्ताईचा हिशेब

आता आमच्या प्रांतातले थोडे बोलू. समजा पीएलएचे रीळ १,००० रुपयांना व एएसएचे १,८०० रुपयांना मिळते. पाहताक्षणी वाटते, जवळजवळ दुप्पट! परंतु तार वजनावर विकली जाते आणि वस्तू आकारमानाने बनते. पीएलएची घनता १.२४, एएसएची १.०७. त्यामुळे १.७५ मिलिमीटरच्या एक किलो रिळात पीएलए सुमारे ३३५ मीटर, तर एएसए सुमारे ३८८ मीटर भरते.

ज्या क्लॅम्पला १५ ग्रॅम पीएलए लागते, त्याच क्लॅम्पला एएसए सुमारे १३ ग्रॅमच लागते. म्हणजे एक १५ रुपयांचा आणि दुसरा २३ रुपये ४० पैशांचा. फरक ८ रुपये ४० पैसे. चाळीस क्लॅम्पांचा फरक ३३६ रुपये. आम्ही बोट ठेवून जी काटकसर करून दिली ती एवढी. तिच्यापायी चाळीस क्लॅम्पांचे पैसे परत गेले, पाटीचे गेले, पुढचे काम गेले, दोन हप्ते थकले आणि मुलाचे नाव गेले. शेवटची बाब कोणत्याच खातेवहीत मांडता येत नाही. आपल्या मुलांच्या मागे बापजाद्यांची दुकाने नसतात. पहिल्या कामात मिळालेले नाव हेच त्यांचे भांडवल असते. ते ३३६ रुपयांसाठी तारण ठेवू नये.

याचा अर्थ नेहमी महाग तारच घ्यावी असा मात्र नाही. शाळेच्या प्रदर्शनातील नमुन्याला एएसए वापरणे हीदेखील उधळपट्टीच. जेथे पीएलए पुरते तेथे पीएलएच योग्य.

६. काम घेण्यापूर्वीचे सहा प्रश्न

त्या मुलाने आता एक छापील कागद केला आहे. गिऱ्हाईक आले की तो किंमत सांगण्याआधी हा कागद भरून घेतो. विद्यार्थ्यांनी हे प्रश्न उतरवून घ्यावेत.

पहिला : वस्तू नेमकी कोठे लागणार? जमल्यास दुपारी दोन वाजता जागा पाहून यावी. सावली, भिजणार नाही अशी जागा व ओझे नाही, तर पीएलए.

दुसरा : तेथे पाणी किंवा थोडे ऊन आहे काय? असल्यास पीईटीजी, शक्यतो फिक्या रंगात. गडद रंग अधिक तापतो.

तिसरा : दिवसभर कडक ऊन व वर ओझे आहे काय? असल्यास एएसए. एएसएचे काम जमत नसेल तर तसे स्पष्ट सांगून पीईटीजीमध्ये जाड भाग करावा व वरून ऊन रोखणारा पारदर्शक अॅक्रिलिक थर द्यावा. त्याने आयुष्य वाढते, अमर होत नाही.

चौथा : ओढ कोणत्या दिशेने पडणार? छापील वस्तू वहीच्या पानांसारखी थराथरांची असते. पाने आडवी ओढली तर टिकतात, एकमेकांपासून उपटली तर सुटतात. म्हणून हूक उभा न छापता आडवा छापावा. मजबुतीसाठी आतली भरती वाढविण्यापेक्षा बाहेरच्या भिंती तीन-चार पदरी कराव्यात. पाणी साचणार नाही असे भोक ठेवावे व स्क्रू गंज न धरणारे वापरावेत.

पाचवा : ही वस्तू तुटली तर कोणाला इजा होईल? उत्तर ‘होईल’ असे असेल तर काम नाकारावे. खिडकीची जाळी, शिडीचा भाग, पाळण्याचा हूक, पंख्याचा आधार, विजेच्या बटनांची पेटी ही घरच्या यंत्रावर छापण्याची कामे नव्हेत. तेथे लोखंड व प्रमाणित मालच हवा. अन्नाच्या भांड्यांबाबतही सावध असावे. थरांमधील फटींत घाण राहते व ती धुऊन जात नाही.

सहावा प्रश्न गिऱ्हाइकाला नव्हे, स्वतःला विचारावयाचा : यंत्र कोठे ठेवले आहे? एबीएस व एएसए छापताना स्टायरीनची वाफ निघते. आपली घरे एका-दोन खोल्यांची. त्याच खोलीत तान्हे मूल झोपते, म्हातारी माणसे असतात. यंत्राला वारा नको आणि माणसाला वारा हवा, असा हा पेच आहे. त्या मुलाने यंत्राभोवती बंद पेटी केली, तिला छोटा पंखा बसवून नळी गॅलरीबाहेर काढली आणि एएसएचे काम तो घरातली माणसे त्या खोलीत नसतानाच करतो. ज्याला अशी सोय करता येत नाही त्याने पीईटीजीवर थांबावे. वस्तूसाठी योग्य पण घरासाठी अयोग्य, असे प्लास्टिक आपल्यासाठी अयोग्यच होय.

समारोप

मुलाने इमारतीचे चाळीस क्लॅम्प पुन्हा करून दिले, यावेळी एएसएचे. पैसे घेण्यास तो तयार नव्हता. आम्ही तारेची किंमत त्याच्या हातात ठेवली, कारण चुकीतला आमचा वाटा आम्हाला ठाऊक होता. अभ्यासिकेची पाटी पीईटीजीची झाली आणि उन्हातून काढून छज्जाखाली लावली. थकलेले दोन हप्ते यथावकाश भरले गेले. तो दुकानदार मात्र परत आला नाही. नवे गिऱ्हाईक मिळविणे सोपे, गेलेले परत आणणे कठीण, हे आम्ही बँकेत वीस वर्षे पाहत आलो आहोत.

शाळेत, आयटीआयमध्ये किंवा घरी जी मुले या यंत्रावर काम करतात त्यांना आमचे सांगणे एवढेच. आकडे खोक्यावर छापलेले असतात, ते वाचा. जागा डोळ्यांसमोर असते, ती पाहा. न कळल्यास ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणून जाणत्याला विचारा. आणि आमच्यासारख्या वडीलधाऱ्याने स्वस्त रिळावर बोट ठेवले तर त्यालाही आदराने विचारा, "काका, पण ही वस्तू राहणार कोठे?" तो प्रश्न त्या दिवशी कोणी आम्हाला विचारला असता, तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.